समांतर कोडची हमी कोण देणार? पॅराफ्रेजपासून प्लूटोपर्यंतचा इतिहास

मल्टिकोरवर काम करायचं ठरवलं की बहुतेक विद्यार्थी लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात २००५ पासून करतात. कारण उघड आहे. घड्याळाचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या अलीकडेच अडला, उष्णता आवरेना, २००४ मध्ये इंटेलने तेजस हा प्रोसेसर रद्द केला आणि पुढच्या वर्षी इंटेल व एएमडी दोघांचेही ड्युअल-कोर प्रोसेसर बाजारात आले. काहीही न करता जुना कोड दरवर्षी आपोआप वेगवान होण्याचे दिवस संपले, असा इशारा देणारा हर्ब सटर यांचा गाजलेला लेखही २००५ चाच. पण कोड समांतर करणाऱ्या साधनांचा इतिहास याच्या तीस वर्षं आधी सुरू होतो. तो वगळला तर सुटलेला प्रश्न पुन्हा सोडवण्यात वर्ष जाऊ शकतं.

सुरुवात १९७० च्या दशकात, सुपरकॉम्प्युटरच्या जगात झाली. इलियाक-४ या ६४ प्रोसेसिंग एलिमेंटच्या मशीनसाठी फोरट्रानचे लूप कसे वाटून द्यायचे, या कामातून लेस्ली लॅम्पोर्ट यांचा १९७४ चा पेपर आला. इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कक यांच्या गटाने पॅराफ्रेज बनवलं: साधा, क्रमाने चालणारा फोरट्रान आत द्यायचा, समांतर रूप बाहेर काढायचं.

इथे मूळ प्रश्न एकच होता, अवलंबित्वाचा. दोन लूप डोळ्यांसमोर आणा. एकात १००० विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ ग्रेस मार्क द्यायचेत. कुणाला आधी, कुणाला नंतर, काही फरक पडत नाही. चार कोरना २५०-२५० वाटून टाका. दुसरा लूप बँकेच्या पासबुकाचा. प्रत्येक ओळीतली शिल्लक आधीच्या ओळीतल्या शिलकेवरून निघते, म्हणून लूप आहे तसा वाटून देता येत नाही.

कंपायलरने हे ओळखायचं कसं? लूप जर अॅरेच्या सम क्रमांकाच्या घरांत लिहीत असेल आणि विषम क्रमांकाच्या घरांतून वाचत असेल, तर २क्ष − २य = १ या समीकरणाला पूर्णांकात उत्तर आहे का, एवढंच बघायचं. २ ने १ ला भाग जात नाही, म्हणजे उत्तर नाही, म्हणजे टक्कर नाही. ही जीसीडी टेस्ट. कक यांचेच विद्यार्थी उत्पल बॅनर्जी यांनी लूपच्या मर्यादाही हिशेबात घेणारी टेस्ट दिली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण घराचा क्रमांकच दुसऱ्या अॅरेतून येत असेल, किंवा सी भाषेतले पॉइंटर मध्ये आले, तर समीकरणच मांडता येत नाही. सिद्ध झालं नाही की कंपायलर लूपला हात लावत नाही. बरोबरच आहे ते, कारण हमी त्याची असते.

१९९२ मध्ये ब्लूम आणि आयगनमन यांनी हे कंपायलर खऱ्या वैज्ञानिक प्रोग्रामांवर, म्हणजे परफेक्ट बेंचमार्कवर, तपासले. बहुतेक प्रोग्रामांत फायदा फारच मर्यादित निघाला. त्याच सुमारास इलिनॉयमध्ये हेच प्रोग्राम हाताने समांतर करूनही पाहिले गेले. कंपायलर कुठे अडतो ते त्यातून दिसलं: प्रत्येक फेरीला अॅरेची स्वतंत्र प्रत देणं, बेरजेसारखे रिडक्शन ओळखणं, फंक्शनच्या सीमा ओलांडून विश्लेषण करणं. पुढे पोलारिस हा कंपायलर उभा राहिला तो याच यादीवर. स्टॅनफर्डमध्ये मोनिका लॅम यांच्या गटाचा सुइफही याच दिशेने गेला. रिसर्चला येणाऱ्यांनी हा टप्पा नीट वाचावा. "चाललं नाही" असं सांगणारं मोजमाप, का चाललं नाही हे नेमकं सांगत असेल, तर पुढच्या अनेक पीएचड्यांना पुरतं.

मग हमीची जबाबदारीच सरकली. १९९७ मध्ये फोरट्रानसाठी आणि १९९८ मध्ये सी व सी++ साठी ओपनएमपी आलं. लूपच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, कंपायलर विश्वास ठेवतो. पासबुकाच्या लूपवर तीच ओळ लिहिली तरी तो तक्रार करत नाही. उत्तर चुकतं, आणि दर वेळी वेगळं चुकू शकतं. एमआयटीच्या सिल्कने वाटणी वेगळी केली. काय समांतर चालू शकतं ते माणसाने सांगायचं, कुठल्या कोरवर कधी चालवायचं ते रनटाइमने ठरवायचं. रिकामा कोर दुसऱ्याच्या रांगेतलं काम उचलतो, आणि याला किती वेळ लागेल याची सिद्ध केलेली मर्यादाही आहे. माणसाची हमी तपासायला हेलग्राइंड, थ्रेडसॅनिटायझर अशी साधनं आली. पण ती प्रोग्राम चालवून बघतात, त्यामुळे त्या इनपुटवर जी वाट चाललीच नाही तिथली चूक सापडत नाही.

स्वप्न मात्र संपलं नाही. पॉल फोत्रिए वगैरेंनी रचलेल्या पॉलिहेड्रल गणितावर उदय बोंधुगुला यांनी ओहायो स्टेटमध्ये पीएचडी करताना प्लूटो बनवलं (२००८). ते सी कोड घेतं आणि ओपनएमपी घातलेला कोड देतं. म्हणजे माणसाने लिहायची ती ओळ आता साधन लिहितं, तीही सिद्ध करून. अट एवढीच की लूपच्या मर्यादा आणि घरांचे क्रमांक रेषीय सूत्रांत बसले पाहिजेत. बोंधुगुला पुढे बंगळूरच्या आयआयएससीत आले, आणि हा विचार आज एमएलआयआरमध्येही दिसतो.

तेव्हा नवीन साधनाचा पेपर हातात आला की तीन प्रश्न विचारा. हमी कोण देतं: कंपायलर, माणूस, की चालवून केलेली तपासणी? ही हमी कुठल्या प्रकारच्या कोडपुरती आहे? आणि स्पीडअप कशाच्या तुलनेत मोजलाय? एका कोरवरच्या सर्वोत्तम कोडशी तुलना नसेल तर आकडा फसवा असू शकतो. शिवाय अॅमडाल यांचा १९६७ चा मुद्दा आहेच: कामाचा १० टक्के भाग क्रमानेच चालणार असेल, तर कोर कितीही लावा, वेग १० पटीपलीकडे जात नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं एका तक्त्यात भरत गेलात, तर जो रकाना रिकामा राहतो तिथे तुमचा विषय असण्याची शक्यता बरीच आहे.