सड्यावरच्या आमरी ओळखताना

आमरी म्हटलं, की आपल्याकडे बहुतेकांना झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. हे पुस्तक तिच्याविषयी नाही. गवतात वीतभर वाढणाऱ्या, हिरवट-पांढऱ्या फुलांच्या आणि पावसाळा सरला की कंदाच्या रूपात जमिनीखाली राहणाऱ्या आमरींविषयी आहे. सातारा-सांगलीच्या डोंगरांवर त्या दरवर्षी फुलतात, पण खाली वाकून पाहणारे फार थोडे.

हे वडूजमध्ये बसून का लिहायचं, असा प्रश्न रास्त आहे. वडूजचा खटाव तालुका अवर्षणाचा. येरळा नदीचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं असतं. पण इथून पुसेगाव, वर्धनगडाचा घाट, कोरेगाव, सातारा असं पश्चिमेला निघालं, की दिवसभरातच आपण पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसातून पाच हजारांच्या वरच्या पावसात पोहोचतो. भूआमरींची, म्हणजे जमिनीवर वाढणाऱ्या आमरींची, ओळख पावसातल्या ह्या फरकापासून सुरू होते. कोणती आमरी कुठल्या पावसाला, कुठल्या मातीला आणि कुठल्या आठवड्यात उगवते, हे ठाऊक असलं तर फूल हातात घेण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं.

कासचा सडा घ्या. सुमारे 1200 मीटर उंचीवरचा जांभा, त्यावर मातीचा पातळ थर. 2012 साली पश्चिम घाटातल्या निवडक जागांबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. पर्यटक सप्टेंबरात जातात, पण आमरी पाहायच्या तर जूनच्या अखेरीपासून जायला हवं. तेव्हा हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस फुलू लागते. जमिनीला चिकटलेलं एखादं-दुसरं गोल पान, वर आखूड दांडा आणि मोजकी पांढरी फुलं. पुढे ऑगस्टमध्ये हबेनारिया हेनिआना येते. तिची फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीनं लागतात, म्हणून तिला सगळे टूथब्रश ऑर्किड म्हणतात. मग हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. तिच्या फुलामागची मधाची नळी, म्हणजे शुंडिका, बोटापेक्षा लांब असते. तिन्ही एकाच प्रजातीच्या, एकाच सड्यावरच्या, तरी पान, फुलांची मांडणी आणि शुंडिका एवढ्यावर त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या काढता येतात.

अडचण पुढे येते. हबेनारिया आणि पेरिस्टायलस ह्या दोन प्रजातींतला फरक दुरून कळत नाही. पेरिस्टायलसची फुलं बारीक, शुंडिका बहुधा आखूड. पण निर्णय फुलाच्या आत, स्तंभाशी होतो. आमरींमध्ये पुंकेसर आणि किंजल्क, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग, एकत्र येऊन हा स्तंभ बनतो. हबेनारियात किंजल्काचे दोन भाग दांडीवर उभे राहून पुढे आलेले असतात, पेरिस्टायलसमध्ये ते ओठाच्या, म्हणजे फुलाच्या वेगळ्या घडणीच्या पाकळीच्या, बुडाशी चिकटलेले. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, हात स्थिर हवा, आणि फूल ताजं हवं. मोबाइलवरच्या एका सुंदर छायाचित्रात हे जवळजवळ कधीच दिसत नाही. म्हणून केवळ छायाचित्रावरून ठामपणे नाव सांगण्याच्या मी विरोधात आहे.

नर्व्हिलिया ही भूआमरी तर एका भेटीत ओळखायचीच नाही. पहिल्या पावसानंतर तिचा बिनपानांचा फुलोरा येतो. फुलं गेल्यावर एकच पान उगवतं. जूनमध्ये पाहिलेलं फूल आणि ऑगस्टमध्ये पाहिलेलं पान एकाच झाडाचं आहे, हे त्याच जागी पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

आमरींच्या अभ्यासाची ही वाट नवी नाही. डॅल्झेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 साली निघालं, थिओडोर कुक यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात खंडशः आला. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला नाव दिलं ते ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी. सांतापाव आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ 1966 चं, आणि पाचगणीचं नाव धारण करणारी हबेनारिया पंचगनिएन्सिस हीसुद्धा त्यांचीच देणगी. या साऱ्यांच्या कामातलं बरंचसं आजही टिकलं आहे. वर्गीकरण मात्र थांबलेलं नाही. हबेनारिया म्हणून एकत्र ठेवलेल्या सगळ्या जाती एका वंशाच्या नाहीत, हे डीएनएच्या अभ्यासानं दाखवलं आहे. तेव्हा या पुस्तकातलं एखादं नाव पुढच्या आवृत्तीत बदललं तर गोंधळू नये. तुम्ही टिपलेली पानाची, शुंडिकेची, जागेची नोंद तशीच उपयोगी राहील.

एक विनंती कळकळीची आहे. ओळखण्यासाठी कंद उपटू नका. आमरीचं बी धुळीसारखं सूक्ष्म असतं आणि त्यात रोपाला पुरेल एवढं अन्न नसतं. मातीतल्या बुरशीनं पोसल्याशिवाय ते रुजत नाही, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1899 साली शोधून काढलं. उपटलेला कंद दुसरीकडे लावला, तरी ती बुरशी, तो ओलावा, तो जांभा तिथे नसतो. हबेनारियाचं एक रोप खणलं, की यंदाच्या जुन्या कंदाबरोबर पुढच्या वर्षासाठी भरत आलेला नवा कंदही जातो. युलोफिया या भूआमरीचे कंद तर अमरकंद म्हणून औषधासाठी काढले जातातच. त्यात अभ्यासकांनी भर घालू नये. तारीख, उंची, माती, सोबतचं गवत, पानांची संख्या, शुंडिकेची लांबी एवढं वहीत आलं, तर कंद पाहण्याची गरज सहसा पडत नाही.

खटाव-माण तालुक्यांतल्या वाचकांनी पावसाळ्यापुरतंच पाहू नये. झ्युक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका ही गवतासारख्या पानांची, पिवळ्या ओठाची चिमुकली आमरी हिवाळ्यात, ओलसर गवतात फुलते. कालव्याकाठची ओल, तळ्याच्या कडेची हिरवळ, बागेतलं पाणी दिलेलं लॉन, अशा जागा तिच्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत त्या गुडघ्यांवर बसून तपासायच्या, आणि काही मिळालं नाही तरी जागा आणि तारीख लिहून ठेवायची.