ठिपक्याची कुळकथा

छापील पुस्तकात करडा रंग नसतो. छापखान्याची काळी शाई एकच. ती कागदावर लागते किंवा लागत नाही, तिला फिकट होता येत नाही. भामरागडच्या संगमावरचं धुकं, आलापल्लीच्या सागाच्या बुंध्यावरचं कोवळं ऊन, ताडोबाच्या पाणवठ्यावरची संध्याकाळ हे सगळं लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांनी उभं केलेलं असतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचं काळ्यापांढऱ्या फोटोंचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढायला निघालेल्या माणसाने आधी या ठिपक्याचं कूळ विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

फोटो १८३९ मध्ये जगापुढे आला, पण मजकुराच्या खिळ्यांबरोबर तो छापायचा कसा, हे पुढची चाळीस वर्षं कोणाला नीटसं साधलं नव्हतं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला, तेव्हा त्यात खरेखुरे फोटो एकेक करून चिकटवावे लागले. पुरातत्त्व खात्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम मार्कंड्याला आला, वैनगंगेकाठची ती देवळं त्याने पाहिली, आणि त्यांचं वर्णन १८७९ च्या अहवालात छापलं. अशा अहवालांची मुख्य भिस्त रेषांच्या आराखड्यांवर असे. रेष छापता येत होती, सावली नाही.

सावलीचे तुकडे करायची कल्पना फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या टॅलबटची. फोटो आणि धातूचा पत्रा यांच्यामध्ये विरळ कापडाची जाळी धरायची, हे त्याने १८५२ च्या पेटंटात मांडलं. व्यवहारात ते म्युनिकच्या गेऑर्ग माइझनबाखने १८८२ मध्ये आणलं, आणि अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज व लेव्ही बंधूंनी त्याला पक्कं रूप दिलं. काचेच्या दोन तावदानांवर बारीक रेघा कोरायच्या, त्यांत काळं भरायचं, आणि रेघा एकमेकींना काटकोनात येतील अशी तावदानं चिकटवायची. ही जाळी निगेटिव्हच्या किंचित पुढे ठेवून फोटोचा फोटो घेतला की करडेपणाचे ठिपके होतात. मग तांब्याच्या पत्र्यावर सरस आणि बायक्रोमेटचा थर, त्यावर प्रकाश, आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडने खायचं. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की ब्लॉक तयार. ‘ब्लॉक करायला दिलाय’ हे वाक्य मराठी संपादकांच्या तोंडी पुढे कितीतरी दशकं राहिलं.

भारतात या विद्येचा सर्वांत मोठा माणूस कोलकात्याचा. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १८९५ मध्ये विलायतेहून सामान मागवून कारखाना काढला आणि जाळीच्या गणितावर लिहिलेले त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून आले. आपल्याकडचा माणूस धुंडिराज गोविंद फाळके. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात लागले, स्वदेशीच्या लाटेत ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढचा, १९१३ चा. भारतीय सिनेमाचा पाया घालणारा हात आधी ठिपक्यांवर बसलेला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ठिपक्याला टाळणारीही एक वाट होती. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात गोंडांचे फोटो आहेत, बाजारातल्या बांबूच्या गाड्याही आहेत. त्यातल्या काही चित्रांखाली डर्बीच्या बेमरोझ या छापखान्याचं नाव येतं. ती कोलोटाइपची छपाई. कोलोटाइपमध्ये जिलेटिनचा थरच शाई कमीजास्त धरतो, जाळी लागत नाही, म्हणून अंधारातला तपशील शाबूत राहतो. पण काम संथ, प्रती थोड्या. स्वस्त आणि भरपूर छापणाऱ्या ठिपक्यापुढे ही वाट टिकली नाही.

आता कागदाकडे येऊ, कारण या दोन जिल्ह्यांचा ठिपक्याशी खरा संबंध तिथे येतो. बांबूपासून कागद होईल हे टॉमस राउटलेजने १८७५ मध्येच छापून सांगितलं होतं. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेटने लगद्याची रीत बसवली. १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला संरक्षण देणारा कायदा झाला. १९४५ मध्ये बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली आणि इथल्या रानातला बांबू लगद्यात जाऊ लागला. बांबू कोणाचा, हा प्रश्न मात्र पुढे दशकानुदशकं धुमसत राहिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपला बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना हाती पडायला २०११ साल उजाडलं.

आता कागद ठिपक्याचं काय करतो ते पाहू. साधा मॅपलिथो कागद भिंगाखाली पाहिला तर धाग्यांचं रान दिसतं. आर्ट पेपरवर खनिज भुकटीचा थर देऊन ते बुजवलेलं असतं. मॅपलिथोत ते उघडं असतं, शाई त्यात शिरते आणि ठिपका पसरतो. पन्नास टक्क्यांचा ठिपका छापून सत्तरच्या आसपास दिसतो. उजळ भागात याने फारसं बिघडत नाही. गडद भागात शेजारचे ठिपके एकमेकांना भिडतात आणि सगळं काळं होतं.

आपल्या जंगलाच्या फोटोंत महत्त्वाचं ते गडद भागातच असतं. उन्हाच्या कवडशांत उभा राहिलेला माणूस, घोटुलच्या आतला कोरीव खांब, माडिया आजीच्या कपाळावरचं गोंदण. कितीतरी छापील पानांवर हे चेहरे काळा डाग होऊन बसले आहेत. फोटो काढणाऱ्याचा दोष त्यात क्वचित असतो. चित्र पडद्यासाठी तयार झालं आणि छापलं गेलं कागदावर, इतकंच घडलेलं असतं.

म्हणून फोटो कागदासाठी तयार करावा लागतो. सर्वांत काळी जागा शंभरऐवजी नव्वद टक्क्यांवर थांबवायची आणि मधल्या छटा उचलायच्या. पडद्यावर चित्र तेव्हा फिकं, मरगळलेलं दिसतं, आणि ते तसंच दिसू द्यायला धीर लागतो. रंगीत फोटोतला रंग नुसता काढून टाकू नये; लाल लुगडं आणि हिरवं पान एकाच करड्यात मिसळतात, तेव्हा हिरव्याला वेगळं उजळावं लागतं. फाइल चार रंगांत न देता एकाच काळ्यात द्यावी, नाहीतर पानागणिक कुठे हिरवट, कुठे तांबूस झाक येते. मॅपलिथोवर इंचाला १३३ रेघांची जाळी पुरते, आर्ट पेपर १७५ पर्यंत पेलतो. पैसे असतील तर दुसरी करडी शाई घ्यावी. काळ्याचं ओझं ती वाटून घेते आणि सावलीला खोली येते. जुन्या फोटोंवरची धूळ, ओरखडे जरूर काढावेत, चेहऱ्यावरची सुरकुती काढू नये. आणि फोटोतल्या माणसाचं नाव, त्याने छापू दिलं तर, खाली यावं. जमातीचं नाव पुरेसं समजणारी पुस्तकं इंग्रजांनी भरपूर काढली.

प्रूफ ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर मागावं. त्यासाठी सर्वांत सुंदर फोटो निवडण्याचा मोह होतो. निवडावा सर्वांत काळा. खिडकीच्या उजेडात त्यात गोंदणाची रेघ दिसली तर बाकीचे फोटो निघतील. नाही दिसली तर छटा आणखी उचलायच्या. तरीही नाही दिसली तर कागद बदलायचा, त्यापायी पुस्तकाची पानं कमी करावी लागली तरी.