शर्टही चेक, बँकेतही चेक : एका इंग्रजी शब्दामागे दडलेला ‘शह’

शर्ट चेकचा असतो, बँकेत चेक वटतो किंवा बाउन्स होतो, डॉक्टर बीपी चेक करतात आणि पटावर राजाला चेक मिळतो. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हा शब्द वापरतो. हे सगळे अर्थ निघाले आहेत एकाच शब्दातून, आणि तो इंग्रजी नाही. तो आहे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा.

भारतातला चतुरंग हा खेळ इराणात गेला, तिथे तो ‘चतरंग’ झाला आणि अरबांनी त्याला ‘शतरंज’ केलं. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की ‘शाह!’ असं बजावायची पद्धत होती. अरबांमार्फत खेळ युरोपात पोहोचला. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून जाता जाता ‘शाह’चा ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत येऊन ‘चेक’. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ आला. म्हणजे चेसचा मूळ अर्थ चक्क ‘राजे’ असा होतो!

मराठीला एवढा लांबचा फेरा घ्यावा लागला नाही. आपण हाच शब्द फारसीतून ‘शह’ म्हणून घेतला आणि त्याला ‘काटशह’ही जोडला. ‘चेकमेट’मधल्या ‘मेट’चा मित्राशी काडीचा संबंध नाही. तो ‘शाह मात’मधला ‘मात’ आहे, म्हणजे राजा हतबल झाला. मराठीतली ‘मात करणे’ तीच.

आता शह म्हणजे तपासणी कशी झाली? पटावर शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावं लागतं. म्हणून इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ आधी झाला अडवणं, रोखणं, लगाम घालणं. पडताळून पाहणं हा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. त्या हिशेबाने ‘फॅक्ट चेक’मध्ये दोन्ही अर्थ बसतात: आधी फॉरवर्ड करणारं बोट थांबवायचं, मग खरं-खोटं बघायचं. बहुतेकांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते, ही गोष्ट वेगळी.

पण या शब्दाचा सगळ्यात मजेदार मुक्काम आहे इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीत. बाराव्या शतकात तिथे जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ महसुलाचा हिशेब द्यायला हजर होत. आकडे रोमन लिपीत, त्यामुळे बेरीज-वजाबाकी म्हणजे डोकेदुखी. त्यावर तोडगा म्हणून सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद टेबलावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरत. पेन्स, शिलिंग, पौंड असे रकाने ठरलेले असत आणि त्यात सोंगट्या सरकवून हिशेब मांडत. हे दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून या खात्याचं नावच पडलं ‘एक्सचेकर’. खजिनदार असलेल्या रिचर्ड फिट्झनील यांनी त्याच शतकात या कामकाजावर पुस्तक लिहिलं. त्यांनी तर खजिनदार आणि शेरीफ यांच्यातली ही लढाईच असल्याचं म्हटलंय. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. ऋषी सुनक पंतप्रधान होण्याआधी 2020 ते 2022 याच पदावर होते.

शर्टावरचे चौकडे याच पटावरून आले, त्यात फार काही गूढ नाही.

बँकेचा चेक मात्र आला ‘रोखणं’ या अर्थावरून. अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणजे बनावटगिरीला आळा घालण्यासाठी जपून ठेवलेली स्थळप्रत. पुढे पैसे देण्याच्या कागदालाच ते नाव चिकटलं. एक्सचेकरच्या प्रभावाने ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून बदललं, अमेरिकेने ‘सी-के’च ठेवलं. भारतात 1881 च्या कायद्यापासून ब्रिटिश स्पेलिंगच चालतं. याच कायद्यातलं कलम 138 चेक बाउन्ससाठी आहे. देणं फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला आणि रीतसर नोटीस मिळाल्यावरही 15 दिवसांत पैसे चुकते केले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा शह साधा नाही.

अमेरिकेत हॉटेलात बिल मागायचं असेल तरी ‘चेक’च मागतात आणि फॉर्मवरची बरोबरची खूण म्हणजेही ‘चेक मार्क’.

राहता राहिला चेक प्रजासत्ताकातला ‘चेक’. कानाला अगदी तसाच लागणारा हा शब्द या कुळातला नाहीच. दंतकथेनुसार त्या लोकांचा मूळपुरुष ‘चेख’ नावाचा होता. इंग्रजांनी त्याचं सी-झेडने सुरू होणारं स्पेलिंग पोलिश भाषेतून उचललं.