लाल सिलिंडरची कुळकथा

पुण्याच्या येरवड्यातल्या कुठल्याही आयटी पार्कात शिरा, लिफ्टशेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला दिसेल. त्याचा मूळपुरुष तांब्याचा होता. इंग्लंडमधल्या यार्मथला बराकींचा कारभार पाहणारे कॅप्टन जॉर्ज मॅन्बी यांनी एडिंबरातल्या एका आगीत बंबाचं पाणी वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नसल्याचं पाहिलं. पाणी थोडं असलं तरी चालेल, पण ते पहिल्या काही क्षणांत आणि माणसाच्या हातून पडलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. १८१०च्या दशकात त्यांनी तांब्याचं भांडं घडवलं. त्यात तीन गॅलन, म्हणजे सुमारे साडेतेरा लिटर, पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी आणि दाबून भरलेली हवा असे.

पुढच्या पिढीने दाब साठवून न ठेवता तो ऐन वेळी तयार केला. सोड्याच्या पाण्यात आम्लाची काचेची बाटली फोडायची, की उसळणारा वायूच पाणी बाहेर ढकले. पण हे यंत्र चालेल की नाही, ते वापरल्याशिवाय कळत नसे. १९१०च्या सुमारास कार्बन टेट्राक्लोराइडचे पितळी हातपंप आले आणि मोटारी-कारखान्यांत पोचले. त्यांच्यावर तपासणी-संस्थांच्या मान्यतेचे शिक्केही होते. तापलेल्या धातूवर हेच द्रव्य पडलं की फॉस्जीन तयार होतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. बंद खोलीत आग विझवणाऱ्याच्याच जिवावर बेतणारं हे साधन पुढे हद्दपार झालं. मान्यतेचा शिक्का त्या काळाच्या माहितीपुरताच खरा असतो, याचा याहून कठोर पुरावा मला माहीत नाही.

शिक्क्याचं कुळही पाहू. १८९४ मध्ये शिकागोत विल्यम मेरिल यांनी विजेच्या उपकरणांची चाचणी सुरू केली. त्यातून अंडररायटर्स लॅबोरेटरीज उभी राहिली. आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने आयएसआय चिन्हाला आधार मिळाला. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्युरो पाहतो.

पण हे चिन्ह सिलिंडर कारखान्यातून कसा निघाला, एवढंच सांगतं. भिंतीवर टांगल्यावर त्याचं आयुष्य वेगळं असतं. दाब हळूहळू गळतो, आतली पावडर घट्ट बसते, नळीला चीर जाते. म्हणून महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर दुसरी जबाबदारी टाकली: यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं. त्यालाच ‘फॉर्म बी’ म्हणतात. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. सिलिंडर खाली न उतरवता फक्त सहीशिक्का झाला, तर मात्र ती फसवणूक आहे, आणि तिची किंमत त्या मजल्यावरचे लोक मोजतात.

येरवड्यातल्या, विमाननगरातल्या, कुठल्याही कचेरीतल्या वाचकांना एक विनंती. उद्या कामावर गेल्यावर आपल्या मजल्यावरचा सिलिंडर बघा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनेचं सील शाबूत आहे का, तपासणीची तारीख उलटली आहे का, समोर खोकी तर रचलेली नाहीत ना? काही चुकलेलं दिसलं तर ॲडमिनला लेखी कळवा आणि सर्वांत अलीकडचा फॉर्म बी दाखवायला सांगा.