साकुराजिमाचा शिलालेख

जपानच्या दक्षिणेला, कागोशिमाच्या उपसागरात साकुराजिमा हा ज्वालामुखी आहे. तिथल्या हिगाशी-साकुराजिमा गावातील शाळेत १९२४ साली उभारलेला एक शिलालेख आहे. त्याचा मथितार्थ असा : रहिवाशांनी शास्त्राच्या भरवशावर राहू नये, विपरीत काही जाणवताच निघण्याची तयारी करावी.

यामागे १२ जानेवारी १९१४ चा उद्रेक आहे. साकुराजिमा तेव्हा बेट होते. आधीचे काही दिवस धक्के बसत होते, किनाऱ्यावर गरम पाणी उसळत होते. गावच्या प्रमुखाने कागोशिमाच्या वेधशाळेकडे वारंवार विचारणा केली. उत्तर आले, उद्रेक होणार नाही. बहुतेक बेटवासी पूर्वजांनी सांगितलेल्या खुणा ओळखून होड्यांतून निघून गेले. वेधशाळेवर विसंबून थांबलेल्यांपैकी काहींना समुद्रात उड्या घ्याव्या लागल्या. त्यातले काही बुडाले. लाव्हाने सामुद्रधुनी बुजवली आणि बेट ओसुमी द्वीपकल्पाला जोडले गेले.

हा लेख विज्ञानाच्या पराभवाची खूण म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्या उद्रेकात एका नव्या शोधाचा आरंभ दिसतो. उद्रेकानंतरच्या मोजणीत उपसागराभोवतीची जमीन खचल्याचे आढळले. फुसाकिची ओमोरी यांनी त्याचा अभ्यास केला. खचण्याचा मध्य डोंगराखाली नव्हता, उत्तरेच्या पाण्याखाली होता. १९५८ मध्ये कियो मोगी यांनी त्या आकड्यांवरून गणित मांडले : दाबाचे केंद्र सुमारे १० किलोमीटर खोलीवर आहे. म्हणजे कोठार एकीकडे आणि तोंड दुसरीकडे!

शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. वाटेत हा फरक मिटला किंवा टणक थर आडवा आला की तो साठून राहतो. कोठार भरते तशी वरची जमीन फुगते. दाब खडकाला पेलवेनासा झाला की भेगा पडतात आणि रस त्यांतून वर सरकतो. वर दाब कमी असल्याने त्यात विरघळलेली वाफ बुडबुडे होऊन सुटते आणि त्याला वर रेटते. गावकऱ्यांना जाणवलेले धक्के हा या हालचालीचाच निरोप होता.

१९१४ नंतर खचलेली जमीन पुढच्या दशकांत हळूहळू वर आली. खालचे कोठार पुन्हा भरते आहे. आज ही फूग उपकरणांनी सतत मोजली जाते. तरीही शिलालेख जुना झाला, असे मी म्हणणार नाही. कोठार भरते आहे एवढे मोजणी सांगते; ते फुटण्याचा दिवस सांगत नाही.