विभाजित बर्लिन आणि चित्रपट

दुसऱ्या महायुद्धानंतर दुभंगलेल्या बर्लिन शहराचा इतिहास व तेथील लोकजीवन यांचे चित्रण करणारे चित्रपट. १९४५ मध्ये जर्मनीच्या पराभवानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व सोव्हिएट रशिया यांनी शहराचे चार विभाग पाडले. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने सीमा बंद करून भिंत उभारण्यास प्रारंभ केला. पश्चिम बर्लिनला वेढणारी ही सीमा सु. १५५ किमी. लांबीची होती. तीमुळे चित्रपटकाराला बहुधा शहराची एकच बाजू टिपता येई. दुसरी बाजू त्याला वगळावी लागे किंवा नेपथ्याने उभारावी लागे.

युद्धोत्तर काळातील पहिला जर्मन कथापट ‘मारेकरी आपल्यातच आहेत’ (१९४६) हा व्होल्फगांग श्टाउट याने सोव्हिएट विभागातील ‘डेफा’ या संस्थेसाठी निर्माण केला. त्यात बर्लिनचे खरेखुरे भग्नावशेष दिसतात. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेल्लीनी याच्या ‘जर्मनी, वर्ष शून्य’ (१९४८) या चित्रपटात त्याच अवशेषांतून भटकणाऱ्या एका मुलाची शोकांतिका आहे. भिंतीपूर्वी शहराच्या दोन्ही भागांत ये-जा चालू होती. गेरहार्ट क्लाइन याच्या ‘बर्लिन : शोनहाउझर नाका’ (१९५७) या चित्रपटात पूर्व बर्लिनमधील उन्नत लोहमार्गाखाली जमणारी तरुण मंडळी व त्यांना वाटणारे पश्चिमेचे आकर्षण यांचे वास्तव चित्र आढळते.

१९६१ च्या उन्हाळ्यात बिली वाइल्डर हा ‘वन, टू, थ्री’ या विनोदी चित्रपटाचे बर्लिनमध्ये चित्रण करीत असतानाच सीमा बंद झाली. परिणामी ब्रांडेनबुर्ग प्रवेशद्वाराची प्रतिकृती म्यूनिकजवळ उभारावी लागली. डिसेंबर १९६५ मध्ये पूर्व जर्मनीतील सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीने डेफाच्या अनेक चित्रपटांवर कठोर टीका केली व ते रोखून धरण्यात आले. तरुण कामगारांविषयीचा क्लाइनचा ‘बर्लिन, कोपऱ्यापलीकडे’ हा त्यांपैकीच एक असून त्याचे रीतसर प्रदर्शन १९९० मध्ये झाले. तोवर क्लाइन हयात नव्हता.

पुढे दैनंदिन जीवन हाच दोन्हीकडील चित्रपटांचा मुख्य विषय बनला. पश्चिमेकडील हेल्के झांडर हिच्या ‘रेडुपर्स’ (१९७८) मध्ये एकट्याने मूल वाढविणारी छायाचित्रकार दोन्ही भागांतील साम्य टिपते. पूर्वेकडील कोनराड व्होल्फच्या ‘सोलो सनी’ (१९८०) मध्ये जुन्या चाळवजा इमारतीत राहणाऱ्या गायिकेची स्वतंत्र जगण्याची धडपड आहे. व्हिम व्हेंडर्सच्या ‘बर्लिनवरील आकाश’ (१९८७) मध्ये भिंत ओलांडण्याची मोकळीक केवळ देवदूतांना आहे. त्यासाठी भिंतीचा काही भाग नेपथ्य म्हणून बांधण्यात आला होता.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनमध्ये हायनर कारो याच्या ‘कमिंग आउट’ या समलिंगी प्रेमाविषयीच्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला आणि त्याच रात्री सीमा खुली झाली. भिंत नाहीशी झाल्यावर विभाजन हा स्मृतीचा विषय झाला. ‘गुड बाय, लेनिन!’ (२००३) मध्ये आजारी आईला धक्का बसू नये म्हणून मुलगा घरातच जुना पूर्व जर्मनी जिवंत ठेवतो. तर ‘इतरांचे जीवन’ (२००६) हा चित्रपट गुप्त पोलिसांच्या पाळतीचे स्मरण देतो. एकाच राजवटीच्या या दोन आठवणी, एक जिव्हाळ्याची व दुसरी भीतीची, परस्परांना पूरक आहेत. तथापि विभाजनकाळातील शहराचे प्रत्यक्ष दर्शन त्या काळी, उपलब्ध अर्ध्या भागातच चित्रित झालेल्या चित्रपटांतून घडते. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे महत्त्व विशेष आहे.