वाडीच्या तोंडचे दुकान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याच्या दुकानात आम्हा मुलांची झुंबड उडत असे. शेठ पांढरेशुभ्र धोतर नेसून गादीवर बसत, नवी लाल वही पाटावर ठेवीत, तीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत आणि पूजा आटोपली की प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा ठेवीत. त्या पेढ्याची किंमत आमच्या वडिलांनी आठ दिवस आधीच चुकती केलेली असे, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. नवी वही उघडण्यापूर्वी जुनीतली बाकी फेडावी लागे. वडील छापखान्यात कंपॉझिटर होते. त्यांचा दिवाळीचा बोनस प्रथम वाण्याकडे जाई, आणि उरलाच तर कापडवाल्याकडे.

आज त्या वाण्याविषयी जिकडेतिकडे हळहळ ऐकू येते. मोठमोठ्या साखळी-दुकानांनी छोटा दुकानदार गिळला, शहरातला गिळून झाला आणि आता तालुक्याच्या गावचा गिळायला निघाली आहेत, त्याला वाचवा, असे लोक म्हणतात. हळहळ मलाही वाटते. परंतु जुनी हकीकत सांगायला बसायचे तर आधी एक कबुली दिली पाहिजे. माझ्या आईच्या पिढीने ज्याच्या हातून सुटण्यासाठी जंग जंग पछाडले, तो हाच वाणी होता.

खोताची वाडी म्हणजे गिरगावच्या पोटात राहिलेले एक खेडेच. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस वस्ती सुरू झाली. खोतांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि बाहेरून लाकडी जिने असलेली, व्हरांड्यांची, कौलारू घरे उभी राहिली. एके काळी अशी पासष्ट घरे होती, आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. वाडी मुख्यतः ख्रिस्त्यांची, भोवतालच्या चाळी आम्हा कोकणातून आलेल्यांच्या, आणि वाणी मात्र दोघांचा एकच. नाताळच्या केकची साखर आणि चकलीच्या भाजणीची डाळ एकाच तागडीत तोलली जाई. ‘दांडी मारणे’ याचा शाळेशी काही संबंध असतो हे मला पुढे कळले. पहिला अर्थ मी त्या तागडीपाशीच शिकलो. डाळीत खडे असत, गोड्या तेलाला कधीकधी भलताच वास येई, आणि सणाच्या तोंडावर साखर अचानक ‘संपलेली’ असे. ती मागच्या दाराने कुणाला मिळते हे साऱ्या चाळीला ठाऊक होते. पण बोलणार कोण? सगळ्यांची नावे वहीत!

ही तक्रार काही आमच्या चाळीपुरती नव्हती. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हापासून काळा बाजार हा शब्द घरोघर पोचला होता. १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडातील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस लोकांनी, त्यांत बरेचसे विणकर, याच भेसळीला नि याच उधारीला कंटाळून स्वतःचे दुकान काढले होते. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच त्यांचा माल. शंभर वर्षांनी, १९४८ साली, आमच्या नायगावात गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या समाजवादी कार्यकर्त्यांनी तेच केले. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था हे तिचे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसले नाही. ‘अपना बाजार’ हे बसले. १९६८ साली त्यांनी नायगावात सर्व वस्तू एका छपराखाली मिळणारे मोठे भांडार उघडले. आई मला तिथे एकदा घेऊन गेली होती. पुडीवर वजन छापलेले, किंमत छापलेली, आणि विकणारा माणूस ‘काय वहिनी, मागचे राहिलेय’ असे म्हणत नाही, याचा तिला केवढा अचंबा वाटला! परतताना बसमध्ये ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: “कुणी मान खाली घालायला लावली नाही.”

वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, की मुंबईत मोठे दुकान प्रथम आले ते असे, लोकांच्या वर्गणीतून, आणि लहान दुकानाविरुद्ध.

१९७२ साली दुष्काळाने महागाई भडकली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे निघू लागले. आमच्या चाळीतूनही बायका गेल्या. आई थाळी घेऊन गेली, लाटणे घरात एकच होते आणि ते पोळ्यांना लागत होते. संध्याकाळी ती घसा बसलेल्या आवाजात त्याच वाण्याकडे पाव किलो रवा मागायला उभी राहिली. मी तिच्या बरोबर होतो. शेठनी पुडी बांधता बांधता विचारले, “मोर्चा बरा झाला ना, वहिनी?” आणि रवा वहीत मांडला. दोघांनाही त्यात काही विपरीत वाटले नसावे. १९७५ च्या गुढी पाडव्याला बिंदुमाधव जोशी आणि गायक सुधीर फडके आदींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत निघाली. दहाबारा कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एका घरी उतरवून वाटून घ्यायचा. तिलाही दुकान नको होते आणि वाणीही नको होता. आई लगेच सभासद झाली. मात्र उधारीची सोय पंचायतीत नव्हती, त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेनंतर आमची पावले पुन्हा वाडीच्या तोंडाकडे वळत.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अपना बाजारचे खरे गिऱ्हाईक उद्ध्वस्त झाले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात पुढे बिग बझार आले. तेही २०२२ मध्ये बुडाले. राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला अपना बाजारचीच एक शाखा चालवायला घेऊन पाहिली होती. ती पद्धत त्यांना पटली नाही आणि २००२ साली पवईला त्यांचे पहिले डी-मार्ट उघडले. कामगारांनी वाण्याविरुद्ध उघडलेल्या दुकानाचा धागा असा एका शेअर बाजारातल्या धनिकाच्या हाती गेला.

मग लहानांना वाचवण्याची भाषा सुरू झाली. परदेशांत ती आधीच झाली होती. फ्रान्सने आणि जपानने, दोघांनीही १९७३ साली कायदे केले. जपानात मोठे दुकान काढायचे तर स्थानिक व्यापाऱ्यांशी बोलणे करावे लागे आणि त्यात वर्षे जात. २००० साली तो कायदा रद्द झाला. तिथल्या लहान गावांतल्या बाजारपेठांना आता ‘शटरची गल्ली’ म्हणतात, कारण दिवसाही शटर खालीच असतात. आपल्याकडे २०१२ साली परदेशी कंपन्यांना किराणा धंद्यात ५१ टक्के भांडवल घालण्याची मुभा देताना दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांचीच अट घातली. म्हणजे खेड्यातला दुकानदार कागदावर कुंपणाआड आणि गिरगावचा उघड्यावर. पण कुंपण होते ते परकीयांना. देशी साखळी-दुकानांना कोणी अडवलेच नव्हते. ती तालुक्याच्या गावी खुशाल जाऊन बसली. सर्व दुकाने ठराविक वेळेला बंद करायला लावणारा १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा एक प्रकारे लहानांना सोयीचा होता, कारण नवराबायको दोघांच्या बळावर रात्रभर दुकान चालत नाही. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आणि चोवीस तास दार उघडे ठेवण्याची परवानगी मिळाली.

तर मग गिरगावचा वाणी इतकी वर्षे टिकला कसा? माझे उत्तर ऐकून घरमालक रागावतील. दुकानदारांसाठी केलेल्या कोणत्याही कायद्याने तो टिकला नाही; त्याला टिकवले भाडे-नियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने घरांबरोबर दुकानांचीही भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. मुंबईच्या ऐन गाभ्यात, पगडी देऊन घेतलेल्या गाळ्यात, नाममात्र भाड्यावर माणूस पावकिलोने रवा विकू शकत होता आणि महिनाभर पैशांची वाटही पाहू शकत होता. त्याची उधारी म्हणजे एका परीने घरमालकाचेच पैसे! त्यापायी इमारती कुजल्या हे खरे. आमच्या चाळीचा जिना माझ्या लहानपणापासून टेकूवर उभा होता. २००० साली लागू झालेल्या नव्या भाडे कायद्याने एक कोट किंवा त्याहून अधिक भांडवलाच्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळले, पण वाण्याला ते राहिले. मोठ्यांना जुन्या गाळ्यात शिरून स्वस्तात बसता येत नव्हते. डी-मार्टने तर बहुतेक जागा विकतच घेण्याचा रिवाज ठेवला.

आता इमारतच पडते आहे. पुनर्विकासात दुकानदाराला नव्या इमारतीत जुन्याइतकी जागा मिळते, हे कायद्याने ठरलेले आहे आणि चांगले आहे. परंतु इमारत उभी राहायला जी वर्षे लागतात त्यांत गिऱ्हाईक विरारला, डोंबिवलीला जाते, आणि परत येतात त्यांच्या मोबाइलवर दहा मिनिटांत सामान आणणारी कंपनी आलेली असते. जागा तेवढीच राहते, पण त्या जागेभोवती बांधलेली शंभर घरांची ओळख राहत नाही, आणि ती मोजण्याचे माप कोणत्याही नियमावलीत नाही.

गेल्या वर्षी वाडीच्या तोंडची ती इमारत रिकामी झाली. शेठचा नातू आता दूर एका भाड्याच्या गाळ्यात बसतो. सामान हलवताना माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या. त्यांतली एक त्याने मला बोलावून दाखवली, “तुमच्या बाचं पान आहे यात,” म्हणाला. अक्षर गुजराती, त्यानेच वाचून दाखवले. १९७२ ची वही. खोली नंबर चौदा, वहिनी. गूळ, पोहे, अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो रवा. दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एकही रक्कम जमा नाही. वडिलांच्या छापखान्यात त्या साली बोनस झालाच नव्हता. तरी पेढा मिळाल्याचे मला पक्के आठवते. पानाच्या तळाशी सत्तावीस रुपये चाळीस पैसे बाकी आहे आणि ती पुढच्या वहीत ओढली आहे. पुढची वही मी मागितली, तेव्हा ती सकाळीच रद्दीवाल्याने नेली होती.